जहाज मधलीच्या वयाचं

क्रूझच्या एजंटला नवऱ्याने फोनवर विचारलेला पहिला प्रश्न होता, "वॉटर स्लाइड्स किती आहेत?" तिकडून उत्तर आलं, सहा. नवऱ्याने फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने मला पाच बोटं दाखवली आणि मग पुन्हा एक. मीही खूश झाले. तीन मुलं, सहा घसरगुंड्या, म्हणजे आठवडाभर डोक्याला ताप नाही, असा आमचा हिशेब.

तो हिशेब चुकला हे कळायला दोन आठवडे लागले आणि जहाज ठरायला चार महिने.

आमचा थोरला १५ वर्षांचा, मधली १२ ची आणि धाकटा ४ चा. थोरल्याचा आणि मधलीचा वाढदिवस एकाच तारखेला येतो, बरोबर तीन वर्षांच्या अंतराने, आणि या योगायोगाबद्दल दोघंही आम्हाला अजून माफ करायला तयार नाहीत. क्रूझची कल्पना माझी. रोज बॅगा भरायच्या नाहीत, रोज नवी खोली नाही, जेवायला कुठे जायचं यावरून रस्त्यात उभं राहून वाद नाहीत. गाव बदलत राहील, पण पलंग तोच राहील.

थोरल्याने एकच अट घातली: वाय-फाय. धाकट्याला पाणी दिसलं की पुरे. मधली म्हणाली, "मला काहीही चालेल." घरात १२ वर्षांची मुलगी असलेल्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. आम्ही मात्र ते शब्दशः घेतलं आणि तिची काळजी मिटली असं समजून पुढे गेलो.

पहिले दोन आठवडे आम्ही नुसते फोटो बघितले. सगळ्या जहाजांच्या फोटोत तेच कुटुंब: आई, बाबा आणि सात-आठ वर्षांची दोन हसरी मुलं. तोंड पाडून बसलेला १५ वर्षांचा मुलगा एकाही फोटोत नव्हता. एका रात्री नवऱ्याने मोठ्या उत्साहाने एक जहाज दाखवलं. देखणं, शांत, भावही बरा. व्हर्जिन व्हॉयेजेसचं. मी खाली वाचत गेले तर प्रवेश फक्त १८ वर्षांवरच्यांना. "मग आपण दोघंच जाऊ," तो म्हणाला. अर्धा मिनिट आम्ही दोघांनीही त्यावर मनापासून विचार केला.

मग बहिणीचा फोन आला. ती आदल्या वर्षी जाऊन आली होती.

"ताई, त्या स्लाइड्स सोड. मधलीला कुठल्या गटात टाकणार आहेत ते आधी विचार."

तिची मुलगी तेव्हा साडेअकरा वर्षांची होती. जहाजावरच्या मुलांच्या क्लबात ती सगळ्यात मोठी निघाली, त्या आठवड्यात बाकीची सगळी आठ-नऊची. पहिल्या संध्याकाळी तिला रंगवायला कासवाचं चित्र दिलं. तिने कासव नीट रंगवलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. पुढे सात रात्री ती आईबाबांच्या मागे मागे फिरत होती. "ते कासव मी अजून फ्रिजवर लावून ठेवलंय," बहीण म्हणाली. "पुढच्या वेळी बुकिंग करताना समोर असावं म्हणून."

त्या फोननंतर मी एका वहीत रकाने आखले. वर कंपन्यांची नावं आणि डावीकडे आमची तीन मुलं. आम्ही पाहिलं तेव्हा चित्र असं होतं. डिस्नेच्या जहाजांवर लहान मुलांचा क्लब ३ ते १० वर्षांचा, मग ११ ते १४ वेगळा आणि १४ ते १७ वेगळा. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन यांच्याकडे १२ पर्यंत मुलांमध्ये, १३ ते १७ टीनएजर्समध्ये. कार्निव्हल आणि एमएससी यांच्याकडे १२ ते १४ असा स्वतंत्र गट आणि १५ ते १७ दुसरा. धाकट्याची सोय सगळीकडे होती आणि थोरल्याचीही. हलत होती ती फक्त मधली. एका जहाजावर ती लहान मुलांतली सगळ्यात मोठी, दुसऱ्यावर मोठ्यांतली सगळ्यात लहान, तिसऱ्यावर आपल्या वयाच्या मुलामुलींत मधोमध. मुलगी तीच, पण जहाज बदललं की तिचं वय बदलत होतं.

वय धरतात ते जहाज सुटण्याच्या दिवशीचं. दोन महिन्यांनी १३ पूर्ण होणार असलेली मुलगी १२ चीच धरली जाते, आणि "आमची समजूतदार आहे हो" या वाक्याचा काउंटरवर काही उपयोग होत नाही. गटांच्या सीमाही कंपन्या अधूनमधून बदलतात, म्हणून बुकिंगच्या आधी त्या वर्षीचे आकडे पुन्हा पाहिलेले बरे.

वयाइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची निघाली, ती म्हणजे आत-बाहेर करण्याची मुभा. लहान मुलांना क्लबात सोडायला आणि न्यायला पालकांनी यायचं, सही करायची, मुलाच्या मनगटाला पट्टी. टीनएजर्सच्या जागी तसं नाही, मुलं हवी तेव्हा येतात आणि हवी तेव्हा निघून जातात. मधल्या वयाच्या मुलांसाठी काही जहाजांवर पालकांनी लेखी परवानगी दिली तर मूल स्वतः सही करून बाहेर पडू शकतं. १२ वर्षांच्या मुलीला बाबा येऊन घेऊन जातात की ती आपली आपण चालत येते, यावर तिचा अख्खा आठवडा ठरतो. हे मला माहितीपत्रकात कुठेच सापडलं नाही, प्रत्येक ठिकाणी विचारावं लागलं.

आता त्या सहा घसरगुंड्या. वही हातात घेतल्यावर मी उंचीच्या अटी शोधल्या. मोठ्या घसरगुंड्यांना साधारण १२० सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर लाटेवर स्वार व्हायचा तो फ्लोरायडर असतो, त्यावर फळीवर पालथं पडायला ५२ इंच आणि उभं राहायला ५८ इंच. आमचा धाकटा टाचा उंचावून जेमतेम १०० सेंटीमीटर. म्हणजे तो बाद. थोरला म्हणाला, घसरगुंडीच्या रांगेत लहान मुलांबरोबर उभं राहण्यापेक्षा तो केबिनमध्ये झोपेल. तोही बाद. सहाच्या सहा घसरगुंड्या उरल्या मधलीपुरत्या, आणि तिला चष्मा काढून वेगाने खाली यायची भीती वाटते. नवऱ्याने यानंतर घसरगुंड्यांचा विषय काढला नाही.

पोहायच्या तलावांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. बऱ्याच जहाजांवर तलावाशी लाइफगार्ड नसतात, नुसती पाटी असते. काही कंपन्या नेमतात. चार वर्षांचं मूल असेल तर हे फोन करून विचारावं. आणि डायपर घालणाऱ्या बाळांना मुख्य तलावात सहसा उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरी. तीन वर्षांखालच्यांना बऱ्याच क्लबात घेतही नाहीत, किंवा पाळणाघरासारखी वेगळी जागा असते आणि तिचे वेगळे पैसे असतात. आमच्या धाकट्याचं ते वय सरलं होतं, म्हणून मी त्या रकान्यावर फार थांबले नाही.

केव्हा जायचं, यावर आमचं चांगलंच वाजलं. शाळा सुरू असताना भाडं उतरतं हे खरं आहे आणि नवरा आकडे घेऊन बसला होता. पण शाळा सुरू असताना १२ ते १७ वयाची मुलं जहाजावर येणार कुठून? टीनएजर्सची सुंदर सजवलेली खोली आणि तिच्यात तीन मुलं, त्यातली दोन सख्खी भावंडं, असं झालं तर त्या खोलीचा उपयोग काय? थोड्या रात्रींचं पाहिलं तर तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांना मोठ्यांची मौजमजा करणारे घोळके जास्त. दोन आठवड्यांच्या फेऱ्यांना निवृत्त मंडळी जास्त. शाळेच्या सुट्टीतली सात रात्रींची फेरी घेतली की बरोबरीची मुलं भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ज्यादा पैसे मोजले ते या शक्यतेचे. नवऱ्याला हे अजून पूर्ण पटलेलं नाही.

सुट्टीत जायचं ठरलं की गर्दी आलीच. इथे मी एक आकडेमोड शिकले, ती मला फार आवडली. जहाजाचं ग्रॉस टनेज हे वजन वाटतं, पण असतं ते आतल्या जागेचं माप. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागा किती, याचा अंदाज येतो. २०२४ मध्ये सुरू झालेलं आयकॉन ऑफ द सीज घ्या. टनेज सुमारे २,४८,६०० आणि प्रवासी ५,६१०. भागाकार ४४ च्या वर, म्हणजे ऐसपैस. पण ५,६१० हा आकडा प्रत्येक केबिनमध्ये दोनच माणसं धरून काढलेला. सुट्टीत त्याच केबिनांत सोफ्यावर आणि छतातून खाली येणाऱ्या पलंगांवर मुलं झोपतात आणि जहाज भरून ७,६०० पर्यंत जातं. मग तोच भागाकार ३३ च्या खाली. मोठं जहाज वाईट असं मी म्हणत नाही. लहान मुलांचा आणि मोठ्या मुलांचा भाग दूर दूर ठेवायला जागा लागतेच, आणि थोरल्याला आम्ही दिसणार नाही एवढं अंतर फक्त मोठ्या जहाजावरच मिळतं. पण कंपनी सांगते तो आकडा दोघा-दोघांचा आहे की भरलेल्या जहाजाचा, हे पाहावं. आम्ही शेवटी मधल्या आकाराकडे वळलो. २० मजली शहरात धाकटा हरवला तर, या विचाराने मला झोप लागेना.

केबिनचं प्रकरण मात्र खरोखर मनस्ताप देणारं झालं.

क्रूझच्या भाड्याची सगळी रचना एका केबिनमध्ये दोन माणसं धरून असते. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला भाडं कमी. पाचवा माणूस हा मात्र कुणाच्या गणितात नसतो. पाच जणांच्या केबिन फार थोड्या, त्या आधी संपतात, आणि भाडं ऐकून माणूस खुर्चीत मागे टेकतो. बरं, केबिनमध्ये पलंग रिकामा असला तरी तो मिळेलच असं नाही, कारण त्या भागाच्या लाइफबोटीत जितक्या जागा तितकीच माणसं त्या भागात घेतात. हे कळल्यावर मला राग येण्याऐवजी बरंच वाटलं.

एजंट म्हणाला, दोन केबिन घ्या, एकमेकींना लागून. आम्ही हो म्हटलं आणि आगाऊ रक्कम भरली. कागद आले तेव्हा दोन्ही क्रमांक खरंच लागून होते. मी जहाजाचा नकाशा मोठा करून बघत बसले. काही केबिनांच्या मधल्या भिंतीवर एक छोटी खूण होती, आमच्या दोन चौकोनांमध्ये ती नव्हती. खुणेचा अर्थ खाली बारीक अक्षरात दिला होता: आतून दार.

मी फोन केला. "या केबिन कनेक्टिंग आहेत ना?"

"शेजारीच आहेत मॅडम, अगदी खेटून."

"शेजारी म्हणजे मधे दार आहे का?"

"दार बाहेर पॅसेजमध्ये आहे ना. दोन पावलं."

दोन पावलं खरी, पण रात्री दोन वाजता चार वर्षांचं मूल झोपेत उठून आईला शोधायला पॅसेजमध्ये आलं आणि मागे दार आपोआप लॉक झालं, तर ती दोन पावलं पुरेशी होतात. एजंटला हे समजावताना माझा आवाज चढला. त्याची चूक म्हणावी तर आम्ही विचारलंही "लागून" असंच होतं. बदल करायला त्याने आठ दिवस घेतले, आणि त्या आठ दिवसांत आम्हाला हवी होती ती जोडी गेली. शेवटी एक मजला खाली मिळाली. तिथे एक गोष्ट आपोआप बरी झाली: वर केबिन, खाली केबिन. आधीच्या जागेच्या डोक्यावर पोहण्याचा मजला होता, आणि तिथल्या आरामखुर्च्या भल्या पहाटे फरफटत लावतात, ते ऐकतच जाग येते असं बहीण सांगत होती. खालचा आणि मधला भाग हलतोही कमी. बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वयाच्या मुलांना जास्त होतो, म्हणजे आमच्याकडे दोन उमेदवार होते.

स्वस्तातला आणखी एक पर्याय आला होता, त्यात केबिनचा क्रमांक आधी देत नाहीत, कंपनी नंतर आपल्या सोयीने देते. दोघांनाच जायचं असेल तर खुशाल घ्यावा. पाच जणांनी, त्यात तीन मुलांनी, त्या वाटेला जाऊ नये. एक केबिन तिसऱ्या मजल्यावर आणि दुसरी नवव्या, असंही होऊ शकतं.

कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक मोठा माणूस लागतो. म्हणून एका केबिनवर माझं नाव आणि दोन मुलं, दुसरीवर नवऱ्याचं आणि एक. प्रत्यक्षात कोण कुठे झोपतं हे कुणी बघायला येत नाही. दोन केबिन घेतल्याचा खरा फायदा मला आधी सुचलाच नव्हता: दोन बाथरूम. १५ वर्षांचा मुलगा आणि १२ वर्षांची मुलगी असलेल्या घरात हा ऐषाराम मानावा.

बाल्कनी घ्यायची की नाही? नवऱ्याला हवी होती. कठड्याची उंची साधारण १०७ सेंटीमीटर असते आणि धाकट्याची उंची वर सांगितलीच आहे. प्रश्न कठड्याचा नाही, बाल्कनीत ठेवलेल्या खुर्चीचा. आमचा मुलगा ओट्यावर चढून बरणी काढतो. मी न उघडणारी खिडकी घेतली आणि या विषयावर मतदान होऊ दिलं नाही.

मग मार्ग. आम्ही भूमध्य समुद्राचा पश्चिम भाग धरला होता. पहिला आराखडा बघून सगळे हरखलो, कारण सात रात्रींत सहा बंदरं, त्यात रोम आणि फ्लॉरेन्स. फ्लॉरेन्सला समुद्र नाही, ही गोष्ट थोरल्याने दाखवून दिली, वाय-फायव्यतिरिक्त त्याने केलेली ही पहिली सूचना. जहाज लागतं लिव्होर्नोला, तिथून फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटर. रोमसाठी लागतं चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम ७०-८० किलोमीटर. याच पद्धतीने कंपन्या "पॅरिस" लिहितात आणि जहाज थांबतं ले हाव्हरला, सुमारे २०० किलोमीटर अलीकडे. सकाळी उतरायचं, बसमध्ये बसायचं, शहरात तीन-चार तास, परत बस, आणि जहाज सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी आत. चार वर्षांच्या मुलाला रोम म्हणजे बसची खिडकी. शिवाय सगळीकडे जहाज धक्क्याला लागतंच असं नाही, काही ठिकाणी लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. बाबागाडी घेऊन हे करायचं असेल तर आराखड्यात ते लिहिलेलं असतं, शोधावं.

आम्ही सहा बंदरांची फेरी सोडली आणि चार बंदरं, दोन दिवस पूर्ण समुद्रात, अशी घेतली. एजंटला आश्चर्य वाटलं, समुद्रातले दिवस म्हणजे वाया गेलेले असं त्याचं मत. माझं मत उलटं झालं होतं. मुलांच्या मैत्र्या समुद्रातल्या दिवशी होतात. बंदराच्या दिवशी सगळे पांगतात आणि रात्री दमून झोपतात.

सासूबाई आमच्याबरोबर येणार नव्हत्या, पण त्यांचा प्रश्न आला. "बुडलं तर?" नवरा हसण्यावारी नेत होता, मी नेलं नाही. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चिविताव्हेक्कियाला चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांचा लाइफबोटीचा सराव झालेला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी ठरला होता. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हायलाच हवा. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुम्ही तो नीट करा. फोनवर बघून नको." आता बऱ्याच जहाजांवर सरावाची माहिती ॲपवर बघायची असते आणि मग नुसतं आपल्या जागेवर जाऊन हजेरी द्यायची. आम्ही पाचही जण लाइफबोटीखाली जाऊन उभे राहिलो. धाकट्याच्या मनगटावरच्या पट्टीवर त्या जागेची खूण होती. आपत्ती आली तर बहुतेक जहाजांवर मुलाला क्लबातून तिथेच आणतात, आईबाबांनी क्लबाकडे धावायचं नसतं. एवढी एक गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असावी.

पैशांचं थोडक्यात. भाडं हा पहिला आकडा, शेवटचा नव्हे. टिप दर माणशी दर दिवशी लागते, बहुतेक ठिकाणी मुलांचीही. वाय-फाय दर उपकरणामागे. पाच माणसं, सहा उपकरणं. आम्ही थोरल्याला एक घेऊन दिलं, बाकीच्यांनी जहाजाच्या ॲपवरच्या निरोपांवर भागवलं, त्याला इंटरनेट लागत नाही. व्हिडिओ गेमच्या खोलीत मशीन केबिनच्या कार्डावर चालतं, आणि कार्डाला पैशांसारखं वजन नसतं. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डांना मर्यादा घालून घ्यावी. जहाज एखाद्या देशाबाहेर जाऊन परत येणार असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. आणि मुलांबरोबर आई किंवा बाबा एकटेच जाणार असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ ठेवावं.

शेवटी घेतलं ते जहाज १२ ते १४ असा वेगळा गट असलेलं. घसरगुंड्या त्यावर तीन होत्या.

पहिल्या संध्याकाळी आम्ही मधलीला तिच्या क्लबाच्या दारापर्यंत नेलं. बहिणीने बजावलं होतं, काही झालं तरी पहिल्या रात्री पाठव, घोळके पहिल्या रात्रीच जमतात, दुसऱ्या दिवशी गेलेलं मूल नवीन ठरतं. आत दहा-बारा मुलं भिंतीला टेकून उभी होती, प्रत्येक जण आपापल्या बुटांकडे बघत. मधलीने माझा हात सोडला नाही. मग एकदम सोडला. दहा मिनिटांनी ती बाहेर आली आणि माझ्या पोटात गोळा आला.

"आई, तू इथे का उभी आहेस?"

"काही नाही, सहज."

"जा ना."

ती पाणी प्यायला आली होती.

त्यानंतर ती आम्हाला भेटली ती जेवणाच्या वेळांना. केबिनच्या भिंती पोलादी असतात, हे वाचून मी घरून लोहचुंबकाचे हुक आणि एक छोटी पाटी नेली होती. प्रत्येकाने आपण कुठे आहोत ते तिथे लिहायचं. थोरला पहिल्या दिवशी लिहून गेला "बाहेर" आणि तो शब्द आठवडाभर पुसला नाही. मधलीच्या ओळी रोज बदलत होत्या: "१० ला येते", "१०.३० ला", "जेवायला थांबू नका". धाकटा वाचू शकत नाही, म्हणून त्याने स्वतःचं चित्र काढलं आणि शेजारी एक मासा.

सहाव्या दिवशी, पुढच्या वर्षीचं बुकिंग करतात त्या टेबलापाशी नवरा रांगेत उभा राहिलेला दिसला. आम्ही सगळेच मागे जाऊन उभे राहिलो. त्याची पाळी आली. तिथल्या बाईंनी जहाजांचे फोटो समोर सरकवले, सगळ्यात वर एक प्रचंड घसरगुंडी.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "१३ वर्षांची मुलगी कुठल्या गटात येते?"

"आमच्याकडे १२ ते १४ मध्येच, सर."

"आणि १६ चा मुलगा?"

"१५ ते १७."

मधली बोटांवर मोजत होती. तिच्या तेराला त्याची सोळा, चौदाला सतरा, पंधराला... ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि वळून भावाकडे बघितलं. "दादा, आपण दोघं एका क्लबात कधीच येणार नाही!"

थोरल्याने आठवड्यात पहिल्यांदा कानातला इअरफोन स्वतःहून काढला. "परत सांग," तो म्हणाला. तिने परत सांगितलं. मग त्याने तिला हात वर करून टाळी दिली.